भांडण मिटलं, बोलणं राहिलं

बीड जिल्ह्याच्या परळी तालुक्यातलं धर्मापुरी बाहेरच्या माणसाला ठाऊक असतं ते केदारेश्वराच्या मंदिरामुळे. चालुक्यकाळातलं हे मंदिर, त्याच्या भिंतींवरचं कोरीव काम आणि गावचा किल्ला पाहायला अभ्यासक येतात नि अंबाजोगाईला मुक्कामाला जातात. या लेखाचा विषय मात्र मंदिर नाही. परळी, केज, धारूर, वडवणी, पाटोदा या पट्ट्यातून दरवर्षी दिवाळीच्या सुमाराला ट्रक-ट्रॅक्टर भरून माणसं पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडायला निघतात आणि गुढीपाडव्याच्या आगेमागे परततात. मुकादमाच्या हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, कोयत्यावर मिळते, खाडा कोयत्याच्या नावावर चढतो, आणि दोघांपैकी एक जण आजारी पडला किंवा रुसून माहेरी निघून गेला तर दुसऱ्याचीही मजुरी बुडते. शहरात नवरा-बायकोचं बिनसलं तर घर मोडायची भीती असते. इथे घराबरोबर वर्षाची कमाईही जाते. म्हणून इथलं नातं टिकावं यासाठी सगळेच धडपडतात: आईबाप, भावकी, सोयरे, मुकादम. आणि त्याच घाईत त्या दोघांच्या मनात काय चाललंय हे विचारायचं राहून जातं.

अशा भागात मानसोपचाराची, जोडप्यांसाठीच्या समुपदेशनाची खरोखर गरज आहे का, की ते पुण्या-मुंबईच्या लोकांचं काम आहे? या प्रश्नाची दोन उत्तरं गावोगावी ऐकू येतात. त्यातलं एक मी इथे आबांच्या तोंडी घातलं आहे. आबा म्हणजे गावातल्या बैठकांना मानानं बोलावले जाणारे, अनेक संसार सांधल्याचा सार्थ अभिमान असणारे वडीलधारे. दुसरं उत्तर ताईंचं. त्या समुपदेशक आहेत, याच जिल्ह्यात वाढलेल्या. दोघंही कल्पित आहेत, त्यांचे मुद्दे मात्र कल्पित नाहीत. माझा कौल ताईंकडे आहे हे आधीच सांगून टाकतो. पण आबांचे आक्षेप अडाणीपणाचे म्हणून उडवून लावले तर ताईंचं उत्तरही पोकळ राहील, अशी माझी खात्री आहे.

आबा : ताई, राग मानू नका, पण माणसाच्या डोक्याला ताप होतो तो पैशापायी. पाऊस दगा देतो, सोयाबीनला भाव मिळत नाही, पोरीचं लग्न तोंडावर येतं, मग मुकादमाची उचल घ्यावी लागते. एका साली फिटली नाही की पुढच्या साली तोच फड, तीच कोपी. अशा माणसाला तुम्ही खुर्चीवर बसवून विचारणार, तुम्हाला कसं वाटतं म्हणून! त्याला कसं वाटतं ते सगळ्या गावाला ठाऊक आहे. त्याचं कर्ज फेडा, दोघं आपोआप गोडीनं नांदतील. नाहीतर उद्या सरकार म्हणेल, भाव देत नाही, पाणी देत नाही, पण तुमच्या मनाची काळजी घेतो. गरिबीला आजाराचं नाव द्यायचं आणि मोकळं व्हायचं.

ताई : तुमची शेवटची भीती अगदी रास्त आहे आबा. समुपदेशन दिलं म्हणून भाव द्यायचा नाही, असं कुणी म्हणू लागलं तर मी तुमच्या बाजूला येऊन बसेन. पण पैसा आणि मन यांची अशी वाटणी करता येत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाची २०२२ सालची आकडेवारी पाहा. देशात १ लाख ७० हजारांहून जास्त आत्महत्या नोंदल्या गेल्या, आणि सर्वाधिक महाराष्ट्रात. कारणांच्या रकान्यात कौटुंबिक समस्या ३१.७ टक्के, आजारपण १८.४ टक्के, कर्जबाजारीपणा ४.१ टक्के. आता हा रकाना पोलीस भरतात आणि माणूस एकाच कारणानं मरत नाही, हे मला मान्य आहे. शेतकऱ्याच्या कर्जाची नोंद कौटुंबिक समस्येत दडलेली असणार. पण मला नेमकं तेच म्हणायचंय. कर्ज सावकाराच्या वहीत असतं तोवर तो आकडा असतो. घरात शिरलं की ते भांडण होऊन शिरतं. उचलीचंच घ्या. निम्मा कोयता बाईचा, पण उचल येते पुरुषाच्या हातात. किती घेतली, कशाला घेतली, हे तिला अनेकदा फडावर गेल्यावर कळतं. मग ती दर दोन दिवसांनी विचारते, तो दर वेळी गप्प बसतो किंवा उठून जातो, तो गेला की तिचा आवाज चढतो, आवाज चढला की तो आणखी उशिरा परततो. उद्या उचल फिटली तरी ही साखळी आपोआप तुटत नाही, कारण भांडण रकमेवर नव्हतंच. मला न विचारता माझी मजुरी गहाण टाकली, हे तिचं दुखणं. आणि घर चालवताना माझी किती ओढाताण होते हे कुणी बघत नाही, हे त्याचं.

आणि गरिबाला बोलण्यानं काय होणार, याचं उत्तर गोव्यातून आलेलं आहे. तिथे ‘संगत’ या संस्थेनं दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत ४९५ जणांवर एक चाचणी केली. सगळ्यांना चांगलंच तीव्र नैराश्य होतं. निम्म्यांना नेहमीचे उपचार दिले. उरलेल्यांना त्या उपचारांच्या जोडीला सहा ते आठ बैठकांचं समुपदेशन दिलं, आणि तेही डॉक्टरांकडून नव्हे, त्यासाठी खास शिकवलेल्या साध्या माणसांकडून. तीन महिन्यांनी पाहिलं तर समुपदेशन मिळालेल्यांतले ६४ टक्के नैराश्यातून बाहेर आले होते, न मिळालेल्यांतले ३९ टक्के. हे २०१७ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. त्यात एक गोष्ट अशी होती की ती वाचून मी थांबले. समुपदेशन मिळालेल्या बायकांत नवऱ्याकडून मारहाण झाल्याचं प्रमाणही कमी आढळलं. कुणाचं कर्ज फेडलं नव्हतं, कुणाला जमीन दिली नव्हती. म्हणून गरिबीवर दुसरा उपाय करू नका असं मी म्हणत नाही. गरिबी हटेपर्यंत माणसानं आतल्या आत कुजत राहावं, याला मात्र माझा विरोध आहे.

यातला पहिला आक्षेप महत्त्वाचा, कारण तो केवळ आबांचा नाही. समाजाच्या दुःखाला व्यक्तीचा आजार ठरवू नका, असं अभ्यासकही बजावत आले आहेत. बीड जिल्ह्यात याचा दाखला डोळ्यांसमोर आहे. २०१९ साली ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात गाजला, पाहणी झाली आणि ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झाल्याचं पुढे आलं. पाळीच्या दिवसांतही खाडा परवडत नाही, फडावर आडोसा नाही, पाणी नाही, आणि या सगळ्यावर उत्तर म्हणून शरीरातला एक अवयव गेला. मनाच्या बाबतीत असंच होऊ शकतं: मजुरीचे हाल तसेच ठेवून बाईला झोपेची गोळी. म्हणून चांगल्या समुपदेशकानं पहिल्या भेटीत झोपेबरोबर मजुरीची, खाण्याची, लेकरांची आणि माराची चौकशी करायला हवी, आणि जिथे उत्तर मनात नाही तिथे रेशन कार्डापासून वकिलापर्यंतची वाट दाखवायला हवी. हे करणारं समुपदेशन गरिबीवर पांघरूण घालत नाही. पण ते गावातल्या बैठकीपेक्षा वेगळं काय करतं?

आबा : तेच मी विचारणार होतो. आमच्याकडे बैठक आहे. दोन्हीकडची चार शहाणी माणसं बसतात, पोराचे कान धरतात, पोरीची समजूत घालतात, चहा होतो, पोरगी नांदायला जाते. पैसा लागत नाही, कागद लागत नाही. वर मन शांत करायला सप्ता आहे, कीर्तन आहे, वैजनाथ आहे. रामदास स्वामी आपल्या मराठवाड्यातल्याच जांबचे. त्यांनी मनालाच समोर बसवून दोनशे पाच श्लोक सांगितले. तुम्ही आणखी नवीन काय सांगणार? हे परदेशातून आलेलं खूळ, तिकडं आई-बाप, चुलते-मालते कुणी विचारत नाहीत म्हणून पैसे देऊन ऐकणारा माणूस लावतात.

ताई : मनाशी वाद घालणं आपल्याला नवं नाही, हे तुम्ही म्हणालात ते बरं झालं. अल्बर्ट एलिस नावाच्या अमेरिकी मानसतज्ज्ञानं १९५५च्या सुमाराला विवेकनिष्ठ मानसोपचार मांडला, तेव्हा त्यानंही जुन्या ग्रीक तत्त्वज्ञांचं ऋण मान्य केलं होतं. ती पद्धत आज मराठीत रुजलेली आहे. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० साली मानसिक आरोग्याची संस्था काढली, पुण्यात त्याआधीच १९८६ साली मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र उभं राहिलं आणि तिथे व्यसनी माणसाबरोबर त्याच्या बायकोचंही ऐकलं जाऊ लागलं. त्याहून मागे जायचं तर र. धों. कर्व्यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवलं. जे घरात बोलता येत नव्हतं ते लोक त्यांना पत्रानं विचारत होते. तेव्हा हे खूळ असलंच तर आपलंही आहे.

श्लोक आणि कीर्तन यांनी आधार मिळतो, मी तो हिरावून घेणार नाही. पण कीर्तनकार शंभरांशी बोलतो; समुपदेशक एकाचं ऐकून मग बोलतो. कुणी बाई म्हणते, सासू चारचौघांत बोलली, आता माझ्या जगण्यात काय उरलं? तेव्हा तिला मन घट्ट कर म्हणून सांगत नाहीत. विचारतात, सासू बोलली हे खरं; पण त्यावरून जगण्यात काही उरलं नाही इथवर तुम्ही कशा पोचलात? मधल्या पायऱ्या कोणत्या? तिथे हळूहळू निघतं की पहिलं बाळंतपण कठीण गेलं, तेव्हापासून झोप नाही, माहेरी सांगितलं तर आई म्हणाली, सगळ्यांचं असंच असतं. गोव्यातल्या त्या समुपदेशनात आणखी साधी रीत होती. मन उतरलं की माणूस एकेक काम, एकेक भेट सोडत जातो. सोडत गेला की मन आणखी उतरतं. म्हणून आठवड्याभरात काय केलं आणि तेव्हा कसं वाटलं हे पाहायचं, आणि जमेल असं एक छोटं काम ठरवायचं. शेजारणीबरोबर पाण्याला जाणं, लेकराला स्वतः शाळेत सोडणं, एवढंसंच. पुढच्या भेटीत ते झालं का, नसेल तर कुठे अडलं, ते पाहायचं. यात गूढ काही नाही. पण चिकाटीनं, कुणाला न हसता, कुणाला न सांगता हे करणारं माणूस लागतं.

आता बैठकीचं. बैठकीत काय येतं? जे चव्हाट्यावर आलं तेच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची पाचवी फेरी २०१९ ते २०२१ मध्ये झाली. त्यात महाराष्ट्रातल्या लग्न झालेल्या बायकांपैकी चौथ्या हिश्श्याहून किंचित जास्त जणींनी नवऱ्याचा अत्याचार सोसल्याचं सांगितलं. आणि देशभरात शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या बायकांतल्या ७७ टक्के जणींनी मदत मागितली नव्हती, कुणाला सांगितलंही नव्हतं. आईला नाही, बहिणीला नाही. तुमची बैठक कितीही न्यायी असली तरी ती उरलेल्यांसाठीच आहे आबा. शिवाय बैठकीत बसतात कोण? दोघांचे नातेवाईक. त्यांच्यासमोर अंथरुणातली अडचण कोण सांगेल? पुरुषसुद्धा सांगत नाही. मला रडू येतं, मला भीती वाटते, माझ्याच्यानं होत नाही, हे पुरुषानं चार पाहुण्यांत म्हणायचं कसं? मग तो दारू पितो, आणि बैठक दारूचा निकाल देते.

इथे ताईंनी बैठकीच्या मर्मावर बोट ठेवलं आहे. बैठकीला निकाल हवा असतो आणि तो त्याच दिवशी हवा असतो. चूक कुणाची हे ठरतं, दुसऱ्यानं पदरात घ्यायचं ठरतं, आणि भांडण मिटल्याचं जाहीर होतं. शेताच्या बांधाचा, वाटणीचा तंटा असा मिटू शकतो, कारण त्यात वस्तू बाहेर असते आणि ती मोजता येते. नात्यातला तंटा मिटल्याचं जाहीर झाल्यावर दोघं ज्या घरी परततात तिथे तीच साखळी वाट पाहत असते. समुपदेशक निकाल देत नाही, आणि म्हणूनच लोकांना त्याचं काम अर्धवट वाटतं. तो उचलीवर बोलणाऱ्या जोडप्याला रकमेचा निवाडा न देता त्यांची साखळी दाखवतो: तुम्ही गप्प बसता तेव्हा त्यांना वाटतं लपवताय, त्या ओरडतात तेव्हा तुम्हाला वाटतं किंमतच नाही. दोघांनीही एकमेकांचं वागणं असं शेजारी ठेवून कधी पाहिलेलं नसतं. बीड जिल्ह्यात तर याची गरज जास्तच, कारण ताईंनी सांगितलेल्या राष्ट्रीय पाहणीतच वीस ते चोवीस वयाच्या बायकांमध्ये अठरा वर्षांच्या आत लग्न झालेल्यांचं प्रमाण राज्यात २१.९ टक्के होतं आणि बीडमध्ये ४३.७. मुलीला मागे कुणाच्या भरवशावर ठेवायचं, या काळजीनं आणि नवा कोयता उभा राहील या हिशेबानं लग्नं उरकतात. ज्यांनी एकमेकांना निवडलं नाही, ज्यातली एक तर अजून लेकरूच होती, त्यांना आपापसांत बोलायचं कसं हे शिकायला संधी कधी मिळाली?

आबा : बरं, मानलं. पण तुमच्या बोलण्यानं घरं मोडतात, त्याचं काय? बाईला एकटीला बसवता, हक्क सांगता, कायदा सांगता. बैठक घर जोडायला बसते. तुमच्याकडं गेलेली जोडपी शेवटी कोर्टात दिसतात.

ताई : कोर्टात दिसतात ती कित्येकदा बैठका थकल्यावर आलेली असतात. तरी आकडा विचारलात तर सांगते. लॉस एंजेलिस आणि सिअॅटल इथे १३४ जोडप्यांवर अभ्यास झाला. कित्येक वर्षं बिनसलेली, टोकाला आलेली जोडपी. त्यांना जास्तीत जास्त सव्वीस बैठका दिल्या आणि पुढे पाच वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं. पाच वर्षांनी जवळपास निम्म्यांचं नातं स्पष्टपणे सुधारलेलं होतं आणि सुमारे चौथा हिस्सा वेगळा झाला होता. म्हणजे हा काही रामबाण नाही, आणि घरफोडीही नाही. अमेरिकेचे आकडे इथे जसेच्या तसे लागू होणार नाहीत हे खरं. पण त्या अभ्यासातली एक अट मला फार मोलाची वाटते: जिथे नवऱ्याची मारहाण गंभीर होती अशा जोडप्यांना त्यात घेतलंच नव्हतं. कारण भीती असेल तिथे दोघांना शेजारी बसवून ‘मनातलं बोला’ म्हणणं धोक्याचं. ती इथे खरं बोलेल आणि घरी गेल्यावर त्याचा मार खाईल.

आपल्या कायद्यानंही हे ओळखलं आहे. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा २००५चा कायदा दंडाधिकाऱ्याला समुपदेशनाचा आदेश देऊ देतो, दोघांना एकत्र किंवा वेगवेगळं. त्याखालचे २००६चे नियम सांगतात की समुपदेशनात मारणाऱ्याला माराचं समर्थन करू द्यायचं नाही. बैठकीत पहिलं वाक्य कोणतं असतं आबा? ‘मारलं असंल, पण तिनं काय केलं होतं ते बी विचारा.’ मुंबई पोलिसांकडे १९८४ साली टाटा समाजविज्ञान संस्थेनं महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला, पुढे तो राज्यभर गेला. त्यामागचा विचार हाच होता की हिंसा हा नवरा-बायकोचा रुसवा-फुगवा नाही. म्हणून माझा नियम सोपा आहे. आधी दोघांना वेगवेगळं भेटायचं. भीती आहे का, मार आहे का, जिवावर उठलंय का, हे पाहायचं. नसेल तरच एकत्र बसवायचं. असेल तर आधी तिची सुरक्षा, मग बाकी सगळं.

आबांचा हा आक्षेप खोडला गेला असं मला वाटतं, पण तो ज्या काळजीतून आला ती काळजी खोटी नाही. नांदणं सोडलेल्या बाईला या भागात कुठे जागा आहे? माहेरी भावाच्या संसारात ती किती दिवस राहील? एकटी बाई कोयता होत नाही, म्हणजे उचल नाही. घर जोडण्याचा हट्ट परंपरेतून जितका येतो तितकाच या हिशेबातूनही येतो. म्हणूनच समुपदेशनाचं यश किती जोडपी पुन्हा नांदायला गेली यावर मोजलं तर समुपदेशक नकळत बैठकीचाच एक सभासद होऊन बसतो, फक्त टेबल-खुर्ची लावून. माझ्या मते मोजायच्या गोष्टी तीन: माणसाचं दुःख हलकं झालं का, तो किंवा ती सुरक्षित आहे का, आणि राहायचं की निघायचं हे त्याला किंवा तिला न घाबरता ठरवता येतंय का. या तिन्हींतून संसार टिकला तर तो खरा टिकला. वेगळं व्हायचं ठरलं, तरी लेकरांची ओढाताण न करता वेगळं होण्यासाठी मदत लागतेच.

आबा : बोलणं पटतंय, पण करणार कोण? गावात सकाळी शिंकलं तर संध्याकाळी तालुक्याला कळतं. तुमच्या खोलीकडं बाई वळताना दिसली की झालं, ‘हिच्या डोक्यावर परिणाम झालाय.’ पोरीचं लग्न जमायची पंचाईत. आणि डॉक्टर तर अंबाजोगाईला.

ताई : अंबाजोगाईत स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचं ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे, ते मराठवाड्याच्या या भागाचं भाग्य. आजार मोठा असेल, जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार असतील, भास होत असतील, तर तिथलाच रस्ता धरायचा. देवऋषाकडे जाऊन वेळ घालवायचा नाही. पण रोजच्या नैराश्याला, नात्यातल्या कोंडीला प्रत्येक वेळी मनोविकारतज्ज्ञ लागत नाही, हे गोव्यानं दाखवलं. विदर्भानंही दाखवलं. अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत गावातल्याच माणसांना शिकवून काम झालं, तेव्हा नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण ४.३ टक्क्यांवरून दीड वर्षात २७.२ वर गेलं. सरकारनंही २०१५ पासून बीडसह चौदा जिल्ह्यांत ‘प्रेरणा’ प्रकल्पाखाली आशाताईंकडून घरोघरी चौकशी सुरू केली. गुप्ततेचं म्हणाल तर २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं ती रुग्णाचा हक्क केली आहे. त्याच कायद्यानं आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा न मानता तीव्र ताणाचं लक्षण मानलं.

आबा : कायद्यानं आशाताईची जाऊ गप्प बसत नसती, ताई. आणि आमची माणसं दिवाळीपासून पाडव्यापर्यंत फडावर. तिथं कोण येणार? फोन म्हणाल तर तो नवऱ्याच्या खिशात.

ताई : हे दोन्ही तुमचं खरं आहे. २०२२च्या ऑक्टोबरपासून १४४१६ ही टेलिमानसची मोफत सेवा आहे, मराठीतही बोलता येतं. पण ज्याच्याबद्दल बोलायचं त्याच्याच खिशातला फोन मागायचा कसा, याचं उत्तर माझ्याकडे पूर्ण नाही.

आबांचे हे शेवटचे दोन मुद्दे तात्त्विक नाहीत म्हणूनच सर्वांत जड आहेत. मानसोपचार चांगला असूनही तो इथल्या ऋतुचक्रात, इथल्या भावकीत बसवला नाही तर कागदावर राहील. मला वाटतं, या अडचणींतच उत्तराचा आराखडा दडलेला आहे. गोव्यातली पद्धत सहा ते आठ भेटींची. जोडपी गावात असतात ती पाडव्यापासून दिवाळीपर्यंत, आणि पेरणी झाल्यावर दसऱ्यापर्यंत त्यांना त्यातल्या त्यात सवड असते. तेवढ्या काळात आठवड्याला एक भेट धरली तर उपचाराचा एक फेरा पुरा बसतो. निघण्याच्या तोंडावर एक भेट वेगळी ठेवावी: उचल किती, ती कुणी ठरवली, फडावर त्रास झाला तर कुणाला सांगायचं, एवढ्या गोष्टी दोघांनी मिळून बोलण्यासाठी. समुपदेशक त्याच गावचा नसावा. पलीकडच्या गावचा असावा, म्हणजे बोली तीच राहते आणि जाऊ-नणंद मध्ये येत नाही. खोलीवर मानसोपचाराची पाटी नसावी. ज्या दारात बाळाचं लसीकरण आणि रक्तदाब तपासणी होते त्याच दारातून आत जाता यावं. आशाताईंनी ओळखण्याचं आणि वाट दाखवण्याचं काम करावं. आधीच कामाच्या ओझ्याखाली असलेल्या त्या बायकांवर समुपदेशनही लादू नये. आणि शिकवून तयार केलेल्या समुपदेशकांच्या मागे अंबाजोगाईसारख्या ठिकाणचा तज्ज्ञ नियमित उभा असावा. गोव्यातला गुण नुसत्या सहानुभूतीचा नव्हता. ठरलेली पद्धत, शिक्षण आणि सततची देखरेख यांचा होता. देखरेख काढून घेतली तर शिकवलेला समुपदेशकही वर्षभरात उपदेशक होतो.

राहता राहिली बैठक. ती मोडीत काढावी असं मी म्हणणार नाही, कारण वाटणी, देणीघेणी, लेकरांचा सांभाळ यांत गावची साक्ष उपयोगी पडते. पण बैठकीनं दोन गोष्टी मान्य कराव्यात. मार झाला असेल तर तो बैठकीच्या अखत्यारीतला विषय नाही, तिथे कायदा आहे. आणि मार नसेल, पण त्याच जोडप्यासाठी पुन्हा पुन्हा बसावं लागत असेल, तर निकाल देण्याऐवजी त्या दोघांना समुपदेशनाला पाठवावं. आबांसारख्या माणसानं ‘जाऊन या, त्यात कमीपणा नाही’ एवढं म्हटलं तरी पाटीवरची आणि फोनवरची जाहिरात जे करू शकत नाही ते होईल.

यावर आबा एक अट घालतील, आणि ती वाजवी आहे: आज आलात, तर पुढच्या सालीही या. निधी संपला म्हणून निघून गेलेल्या प्रकल्पांची यादी या जिल्ह्याला पाठ आहे. मन उघडून दाखवलेल्या माणसाला मध्येच सोडणं हे न उघडण्यापेक्षा वाईट. २०१७च्या कायद्यानं मानसिक आरोग्यसेवा मिळण्याचा हक्क प्रत्येकाला दिला असेल, तर धर्मापुरीच्या कोयत्याला तो पाडव्यानंतर दरवर्षी, त्याच ठिकाणी, ओळखीच्या माणसाकडून मिळायला हवा. सरकार ही अट पाळत नाही तोवर आबांनी समुपदेशनावर विश्वास ठेवला नाही, तर तो त्यांचा दोष मानता येणार नाही.